ठेका लांबतोय

नवऱ्याची बदली दिल्लीला झाली तेव्हा मी पुण्यातली नोकरी सोडली. आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर मिळालं, मुलगी दुसरीत गेली आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा सकाळी आठ ते दुपारी दोन असा सलग मोकळा वेळ माझ्या हातात आला. सुरुवातीचे दोन महिने पडदे, गॅसची जोडणी आणि शाळेचे बूट यांत गेले. मग मी गुरुग्राममधल्या कंपन्यांकडे अर्ज करायला लागले. मुलाखती बऱ्या व्हायच्या. 'चलो, आम्ही कळवतो,' असं म्हणायचे आणि कुणी कळवायचं नाही. मेट्रोने परत येताना दर वेळी वाटायचं, आता आपण हे सगळं विसरणार. एकदा पोहायला आलं की आलं, असं म्हणतात. प्रोग्रॅमिंगचं तसं नाही.

अशाच एका सकाळी मला कॉलेजमधली एक ऑपरेटिंग सिस्टीम आठवली. मी कराडला इंजिनिअरिंगला होते. आमच्या होस्टेलवर एक रडतखडत चालणारा कॉम्प्युटर होता आणि एका सीनियर मुलीनं कुठून तरी एक सीडी आणली होती. त्या सीडीवरची सिस्टीम टाकली की तोच कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात सुरू व्हायचा. गाणं लावून आम्ही दुसरी चार कामं काढली तरी गाणं अडखळायचं नाही. ती बनवणारी छोटी कंपनी आमच्या हातात सीडी येण्याआधीच बंद पडली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं.

तिचं पुढे काय झालं असेल, म्हणून मी नेटवर शोधलं. ती सिस्टीम कुणीतरी पुन्हा बनवत होतं. जगभरची पन्नासेक माणसं, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त इंजिनिअर, कुणी विद्यार्थी, आपापली कामं सांभाळून ती मुळापासून नव्यानं लिहीत होती. त्यांचा एक कडक नियम होता. मूळ कंपनीनं लिहिलेलं कोड कुणी बघायचं नाही. जुनी सिस्टीम चालवून पाहा, तिची छापील माहितीपुस्तकं वाचा, ती कशी वागते ते टिपून ठेवा, पण आत डोकावू नका. कंपनी बंद झाली तरी त्या कोडवर कुणाचे तरी हक्क असतातच. एकानं नक्कल केली तर सगळ्यांचं काम अडचणीत.

बाकी राहिलेल्या कामांची एक यादी होती. तीत एक ओळ होती: 'संगीत – अर्धवट. सध्या कोणी नाही.'

मी लहानपणी साताऱ्याला सात वर्षं पेटी शिकले होते. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. मग चार वाक्यांचं पत्र लिहिलं. चार वाक्यांना दोन दिवस लागले. मी अमुक, मला एवढं येतं, हे काम करून बघू का, चुकलं तर सांभाळून घ्या.

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. लिहिणारा गृहस्थ युरोपातल्या एका थंड देशातला होता आणि वीस वर्षांपासून या कामात होता. इंग्रजीतला त्याचा 'यू' मला सुरुवातीला 'तुम्ही' असा ऐकू यायचा, पुढे 'तू' असा ऐकू यायला लागला. त्यानं लिहिलं होतं, "चुकेलच. आमचंही चुकतं. आधी सगळी सिस्टीम तुझ्या मशिनवर तयार करून बघ आणि जिथे अडशील तिथे विचार." मी पहिल्याच दिवशी अडले. माझा लॅपटॉप तापून बंद पडायचा. शेवटी मी तो कूलरच्या वाऱ्यात स्टुलावर ठेवला आणि शेजारी बसून भाजी निवडत राहिले. चौथ्या दिवशी पडद्यावर होस्टेलवरच्या त्या सिस्टीमची ओळखीची पिवळी पट्टी उमटली. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी मी उठून उभी राहिले.

आता काम काय होतं ते सांगते. इलेक्ट्रॉनिक वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्यात एक ठरलेली भाषा असते, तिला मिडी म्हणतात. कोणता सूर दाबला, किती जोरात, आणि कधी सोडला, एवढीच खबर ती देते. ती खबर वाद्याकडून घेऊन योग्य त्या प्रोग्रॅमकडे वेळेवर पोचवायची, हा माझा भाग. लिहून झाला, तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे तपासायला वाद्यच नाही.

त्याच सुमाराला मुलगी पेटी शिकायला जायला लागली होती. त्याला कारण तिची आजी. फोनवर आजी तिला म्हणाली, "आईसारखी पेटी शीक हं." फोन ठेवल्यावर मुलीनं मला विचारलं, "पेटी म्हणजे बक्साच ना?" मी हसले, पण मला ते लागलं. मग चौकशी केली, तर आमच्याच सेक्टरमध्ये एक बाई पेटी शिकवतात असं कळलं. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी कित्येक वर्षं संगीत शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन मंत्रालयात नोकरी करणाऱ्या लेकीकडे राहत होत्या. शिकवताना कुणी हिंदीत बोललं की त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या.

त्यांच्या माळ्यावर एक लांबट खोकं होतं. परदेशातल्या मुलानं आणलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड त्यात होता, प्लॅस्टिकही न काढलेला. एका बुधवारी मुलीला आणायला गेले तेव्हा मी धीर केला.

"बाई, तुमचा तो कीबोर्ड मला थोडे दिवस मिळेल का?"

"वाजवायला?"

"नाही, तपासायला."

"बिघडलाय का तो? उघडलाही नाही आम्ही."

"तो नाही बिघडला. माझं काय बिघडलंय ते बघायचंय."

मी त्यांना सगळं सांगितलं. ऑपरेटिंग सिस्टीम, बंद पडलेली कंपनी, नव्यानं लिहिणारी माणसं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इथे सा दाबला, की तुझ्या कॉम्प्युटरला कळायला हवं, सा दाबला."

"हो."

"आणि सोडला तेही."

"तेही."

"मग मीच येते. तू वाट्टेल तसं दाबशील."

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षात कीबोर्ड आडवा घालून आल्या. आमच्या जेवणाच्या टेबलावर तो मांडला, मी वायर जोडली आणि त्यांनी भूप धरला. सूर उमटले. मी श्वास सोडते न सोडते तोच त्या थांबल्या. पंचम मात्र वाजतच राहिला.

"हा थांबत नाही गं."

"बोट खाली राहिलं असेल, बाई."

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. पंचम चालूच. "तुझ्या कॉम्प्युटरला धरणं येतं," त्या म्हणाल्या, "सोडणं येत नाही."

शोधायला आठवडा गेला. काही वाद्यं 'सूर सोडला' असं सांगतच नाहीत; 'तोच सूर, शून्य जोरानं दाबला' असं सांगतात. माझ्या कोडनं ते शब्दशः घेतलं होतं: दाबलाय ना, मग वाजू दे. मी दुरुस्ती केली आणि सगळं काम पहिल्यांदा त्या गृहस्थाकडे पाठवलं. ते एकोणीस सूचनांसह परत आलं. मी चिडले. पुण्यातल्या ऑफिसात माझं काम असं कुणी परत पाठवलं नव्हतं. दुपारभर मी घर आवरत राहिले आणि संध्याकाळी पुन्हा वाचायला बसले. तेव्हा दिसलं की प्रत्येक सूचनेखाली त्यानं कारण लिहिलंय. एके ठिकाणी तर, 'हीच चूक मी केली होती, ती सापडायला मला एक उन्हाळा लागला,' असंही होतं. ऑफिसात माझं काम परत आलं नव्हतं, कारण ते इतकं नीट कुणी वाचलंच नव्हतं. पाचव्या खेपेला काम स्वीकारलं गेलं. मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिली परीक्षा झाली म्हणायची."

दुसरी अवघड निघाली. आता नुसते सूर नाही, तर आधीच नोंदवून ठेवलेलं संगीत कॉम्प्युटरनं लयीत वाजवायला हवं होतं. बाईंनी सुचवलं, "तीनतालाचा ठेका भरून ठेवू आणि त्यावर मी पेटीवर लेहरा धरते." सोळा मात्रांची तीच एक धून पुन्हा पुन्हा वाजवत राहायचं. लय ढळली की लगेच कळतं. त्यांनी स्वतःची पेटी आणली. ठेका सुरू झाला, पेटी सुरू झाली. मला सगळं छान वाटत होतं. तीन-चार मिनिटांनी बाईंनी भाता बंद केला.

"ठेका लांबतोय."

"मला नाही जाणवलं."

"तू कोडकडे बघत होतीस. समेवर मी एकटीच येतेय, तो मागून येतो."

मी मोजून पाहिलं, तर खरंच मागे पडत होता. का, ते मात्र सापडेना. तीन आठवडे मी त्या एकाच फाइलमध्ये अडकले. शेवटी प्रकल्पाच्या उघड्या चर्चेत सगळं लिहिलं आणि मदत मागितली. त्यावर एका अनोळखी माणसाची थेट मेल आली. सोबत एक फाइल होती. 'मूळ कंपनीचं कोड आहे. तुझा प्रश्न सुटेल. कुणाला कळणार नाही.'

मी ती उघडली. नियम माहीत होता, तरी उघडली. पंधरा-वीस ओळी वाचल्या असतील. मग लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिले. वाचलेलं पुसता येत नव्हतं.

संध्याकाळी नवरा आल्यावर त्याला सांगितलं. त्याला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण आयुष्य सरकारी फायलींत गेलंय. तो म्हणाला, "बघितलंस ना? मग नोंद कर. कधी, काय, किती. आजच्या तारखेला."

"ते मला काढून टाकतील."

"टाकतील कदाचित. पण उद्या सांगितलंस तर ते आजच्यापेक्षा वाईट दिसेल."

मी लिहिलं. काही लपवलं नाही. मेल फाइलीसकट पुसून टाकली. दोन दिवस उत्तर आलं नाही. त्या दोन दिवसांत कळलं की हे काम मला किती हवंसं झालं होतं. मुलगी शाळेत गेल्यावर मी स्टुलावरच्या लॅपटॉपकडे नुसती बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. मला ते अजून बरंचसं पाठ आहे. "सांगितलंस, बरं केलंस. आधी जे पाठवलंस ते सगळं तारखांसह नोंदीत आहे, त्याला धक्का नाही. आजपासून लयीच्या त्या एका फाइलला तू हात लावायचा नाहीस. बाकी संगीताचा भाग तुझाच." आणि शेवटी, "तू तीन आठवडे एकटी अडकली होतीस आणि आमच्यापैकी कुणी आलं नाही, म्हणून तुला मदत अशा ठिकाणाहून आली. त्याबद्दल मी दिलगीर आहे."

मी चुकले होते आणि माफी तो मागत होता. त्या दिवशी मी स्वयंपाक करताना दोनदा रडले.

ती चूक आता तोच शोधणार होता. "पण मला संगीतातलं काही कळत नाही," त्यानं लिहिलं. "तुम्हा दोघींना काय ऐकू येतं तेवढं सांगा. कोडमध्ये काय असेल, याबद्दल तू एक शब्दही लिहू नकोस."

म्हणून मी वही-पेन घेऊन बाईंसमोर बसले. ठेका लावला. त्या पेटी न वाजवता डोळे मिटून नुसत्या ऐकत होत्या आणि हातानं ताल धरत होत्या.

"पहिल्या आवर्तनाला बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यालाही म्हण. मग हळूहळू लांबतो. एकदम अडखळत नाही."

"थकल्यासारखा?"

"छे. थकलेला तबलजी कधी मागे पडतो, कधी घाईनं पुढे येतो. हा सारखा मागेच जातो, थोडा थोडा." त्या आणखी ऐकत राहिल्या. "हा ना, प्रत्येक मात्रा आधीच्या मात्रेला विचारून वाजवतोय. सम कुठे होती ते त्याच्या डोक्यात नाहीच. नवे विद्यार्थी असंच करतात. शेजारच्याकडे बघून टाळी देतात."

मी तेच जसंच्या तसं इंग्रजीत आणायचा प्रयत्न केला. 'सम' म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ते सांगायलाच एक परिच्छेद लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं: "तुझ्या मुलीच्या शिक्षिकेला सांग, चूक त्यांनी शोधली."

खरंच तेच होतं. कोड प्रत्येक सुराची वेळ आधीच्या सुरापासून मोजत होतं. दर वेळी उगीच इतकासा उशीर व्हायचा, आणि तो पुढच्या सुराच्या माथी बसायचा. सगळ्या वेळा सुरुवातीच्या एकाच क्षणापासून मोजायला हव्या होत्या. त्यानं तो भाग नव्यानं लिहिला. बाईंनी त्यावर पाऊण तास लेहरा वाजवला, मध्ये एकदा नुसतं पाणी प्यायल्या. भाता बंद करून म्हणाल्या, "आता माणसात आला."

पुढच्या आवृत्तीबरोबर काम करणाऱ्यांची यादी आली, तीत बाईंचं नाव होतं. त्यांच्या लेकीनं ते छापून घेतलं. मलाही काही महिन्यांनी गुरुग्रामला नोकरी लागली. मुलाखत घेणारीनं माझं हे सगळ्यांना खुलं असलेलं काम आधीच वाचलं होतं आणि त्यातल्या एका चुकीबद्दल विचारलं होतं. सकाळचे सहा तास गेले. आता शनिवार-रविवारच्या सकाळी मी संगीताच्या भागाचं बघते.

गेल्या हिवाळ्यात तो गृहस्थ भारतात आला. आगगाड्यांचा त्याला नाद. महिनाभर नुसता गाड्यांनी फिरणार होता. दिल्लीत दोन दिवस होते आणि हॉटेल घेतलं होतं पहाडगंजला. मी म्हटलं, मेट्रोने कसं यायचं ते त्याला कळवते. बाई म्हणाल्या, "काही कळवू नकोस. नवा माणूस त्या गल्ल्यांत चुकतो. मी जाऊन आणते."

मी त्यांच्याबरोबर गेले. स्टेशनच्या बाजूनं आत शिरलो आणि बाईंची चाल बदलली. एक बॅगांचा दुकानदार उठून उभा राहिला, "नमस्ते मैडम जी, बहुत दिन बाद." त्याच्या दोन्ही मुली त्यांच्या शाळेत शिकल्या होत्या. हॉटेलच्या दारात एक उंच, वाकलेला, साठीचा माणूस हातात लोकरी टोपी घेऊन उभा होता. तो पत्रात लिहायचा त्याच्या निम्मंही बोलत नव्हता. बाईंना इंग्रजी फारसं येत नव्हतं. परतीच्या मेट्रोत दोघं शेजारी बसले आणि सगळा प्रवास एकमेकांकडे बघून मान हलवत राहिले.

घरी मी थालीपीठ केलं. जेवण झाल्यावर बाईंनी त्याला तीनताल हातावर धरायला शिकवला. तो खालीला, म्हणजे टाळीऐवजी हात उलटा करायच्या जागी, चुकायचा, त्या 'परत' म्हणायच्या, आणि तो पुन्हा सुरू करायचा. माझी मुलगी त्याला बोटांवर मात्रा मोजून दाखवत होती, तेही मराठीतून.

मी त्याच्यासाठी आभाराची वाक्यं तयार करून ठेवली होती. बाई पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही मला काढून टाकलं असतं तर मी पुन्हा कुठे काही लिहिलं नसतं."

तो जरा वेळ टोपीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तुझं पहिलं पत्र आलं त्या आठवड्यात आम्ही संगीताचा भाग काढून टाकायचं ठरवत होतो. चार वाक्यांचं पत्र होतं. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, थोडं थांबू या."

हे त्यानं मला इतक्या वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. मी त्याला आणखी चहा हवा का विचारलं. तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी होती. बाईंनी स्टीलच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं भरून दिलं. डबा त्याच्याबरोबरच गेला. तीन महिन्यांनी तो पोस्टानं परत आला, घासूनपुसून, आत काळ्या रंगाच्या खारट गोळ्या भरलेल्या. आमच्यापैकी कुणालाच त्या आवडल्या नाहीत. पण बाईंनी झाकण उघडून बराच वेळ आत बघितलं. म्हणाल्या, "रिकामा डबा परत करायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितलं गं?"

मी सांगितलं नव्हतं.